चादरीवरचं टार्गेट

बक्षिसांच्या बाबतीतला माझा जुना अनुभव एवढाच, की ती द्यायची नसतात.

म्हणजे त्याचं असं झालं. आठवीत माझी शाळा सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. तर सुटली, आणि गोंदियाकडच्या आमच्या गावातून मी जत्रांबरोबर फिरणाऱ्या एका फुगे फोडायच्या स्टॉलवर लागलो. स्टॉल म्हणजे एक मोठी फळी, फळीवर रंगीत फुगे, समोर टेबल आणि टेबलावर दोन छऱ्याच्या बंदुका. फळीच्या वर दोऱ्यांना बक्षिसं टांगलेली. खालच्या रांगेत कंगवे आणि साबणाच्या डब्या, मधल्या रांगेत बाहुल्या, आणि सगळ्यात वर मधोमध एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ माझ्या काळात कुणालाही मिळालं नाही. त्याच्यावरची धूळ पुसायची आणि त्याला चावी द्यायची, हे माझं काम. मालक सांगायचा, बक्षीस असं निवडायचं की चालणाऱ्याचे पाय थांबले पाहिजेत, आणि असं टांगायचं की पैसे संपेपर्यंत ते त्याच्या डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. बाकीचं बंदूक बघून घ्यायची. नळीच्या टोकावरची माशी, जी बघून नेम धरतात, ती मालकानं आधीच थोडी डावीकडे वाकवलेली असायची. गिऱ्हाईक चुकलं की मालक शांतपणे म्हणायचा, "बंदूक सरळ आहे दादा, तुमचा हात हलतोय." इतकं ठाम बोलायचा की मला स्वतःच्या हाताबद्दल शंका यायची.

एका वर्षी सोलापुरात गड्ड्यावरच्या, म्हणजे संक्रांतीच्या मोठ्या जत्रेत आमचा स्टॉल लागला. एक बाई आल्या, साडीवर स्वेटर घातलेल्या. पहिला छर्रा चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्या वेळी त्यांनी फुग्यावर नेम धरलाच नाही, शेजारच्या रिकाम्या जागेवर धरला, आणि फुगा फुटला. मग फुटतच गेले. मालक वरच्या घड्याळाकडे बघायला लागला आणि मी मालकाकडे. बाई म्हणाल्या, "घड्याळ राहू द्या तुमचं. ही बंदूक एवढी स्वच्छ कोण ठेवतंय?"

मालकाला वाटलं तक्रार आहे. त्यानं लगेच माझ्याकडे बोट केलं. आयुष्यात इतक्या तातडीनं मला कुणी पुढं केलं नव्हतं.

त्या बाई म्हणजे आमच्या मॅडम. पोलिसात असताना त्या नेमबाजी करायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये दहा मीटरची रेंज काढली आणि मुलांना शिकवायला लागल्या. त्यांनी मला तिथं आणलं. रायफली पुसायच्या, टार्गेटचे कागद बदलायचे, सांडलेले छर्रे झाडून काढायचे, कुलूप लावायचं आणि मागच्या खोलीत झोपायचं. माझ्यासारख्याला याहून जास्त काय लागतं? मुलं मला फुगेवाले काका म्हणतात. मला राग येत नाही. खरं सांगायचं तर मला कशाचाच राग यायचा धीर होत नाही. आपल्याला इथं कुणीतरी ठेवून घेतलंय, उद्या ते विचार बदलतील, ही धाकधूक मी उशाशी घेऊनच झोपतो.

आणि मागच्या वर्षी ते खरंच विचार बदलायला लागले.

आमच्या क्लबचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, पण त्यांना कागद आवडतात. कमिटीच्या बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, क्लब आता मोठा झालाय. स्पर्धांचे मेल येतात, इंग्रजीत येतात. हा वाचणार आहे का? एखादा पदवीधर बघू की. मागची खोली त्याला देऊ."

मी त्या वेळी चहा वाटत होतो. माझ्यासमोरच बोलले, यात त्यांचा काही दोष नाही. चहा वाटणारा माणूस असा दिसत नसतोच.

मॅडमनी कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "असं करू. या वर्षीच्या स्पर्धेची बक्षिसं हा बघेल. निवडायची पण यानंच आणि आणायची पण यानंच. नीट झालं तर माणूस हाच आणि खोली त्याचीच. नाही झालं तर तुम्ही म्हणाल तो."

चहाची किटली मी टेबलावर ठेवली, कारण ती हलत होती.

घरी फोन केला. बायको आणि मुलगी गावाकडेच होत्या. खोली पक्की झाली की दोघींना आणायचं, मुलीला जूनमध्ये सोलापूरच्या शाळेत घालायचं, हे आमचं किती दिवसांचं चाललेलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पर तुमाले बक्षिसातलं का समजते?"

"आठ वर्षं काढली की स्टॉलवर."

"अवो, तिथं कोनाले भेटत नव्हतं बक्षीस!"

हाच तर प्रश्न होता.

पहिल्यांदा मी नवी पेठेत गेलो. कप, ढाली, पदकं विकणारं एक दुकान आहे तिथं. दुकानदार चाचा उर्दू-मराठी एकात एक मिसळून बोलतात. सगळं दुकान सोनेरी. माणूस आत गेला की आपणही काहीतरी जिंकलंय असं वाटायला लागतं.

"नेमबाजाचा कप पाहिजे," मी म्हणालो.

"नेमबाज? वो नक्को पूछो मियाँ. बॅटवाला आहे, बॉलवाला आहे, कबड्डी आहे, कुस्ती आहे. धनुष्यवाला चालंगा?"

"बंदूकवाला."

"बंदूकवाला कोई मंगताच नईं." मग माझा चेहरा बघून त्यांनी एक कप उचलला, उलटा केला आणि खालचा नट फिरवून वरचा फलंदाज काढून दाखवला. "ये देखो. खालचं सगळं एकच असतंय. वरचा माणूस फक्त बदलतो. तुमको जो होना वो लगाके देतूं."

मला ते ऐकून कसंसंच झालं. खालचं सगळं तसंच ठेवून वरचा माणूस नट फिरवून बदलायचा, हेच तर माझ्या बाबतीत चाललं होतं.

विचार करतो म्हणून मी बाहेर पडलो. मुलांना विचारलं, तर मुलं म्हणाली, कप कशाला काका, घरात ठेवायला जागा नाही. एका डॉक्टरांनी, जे पन्नाशीत हौस म्हणून रायफल शिकायला येतात, सांगितलं, "काहीतरी उपयोगाचं द्या हो. कपात चहापण पिता येत नाही." मी ते मनाशी पक्कं केलं. उपयोगाचं. आता सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात मानाचं असं जगात काय आहे? माझ्या डोळ्यांपुढं एकच वस्तू आली.

सोलापुरी चादर.

हसू नका. म्हणजे तुम्ही सोलापूरचे असाल तर हसणारच. पण आमच्याकडे, हजार मैलांवर म्हणा, इतकं लांब मला ते वाटतं, सोलापुरी चादर ही पाहुणा आला तरच निघते. मी गावी निघालो की गल्लीतल्या सगळ्यांचे फोन येतात. मी गाडीतून उतरतो तेव्हा माझ्याकडे बघून कुणालाही वाटेल की हा चादरी विकायला आलाय. ज्याच्या घरी मी चादर दिली, त्या घरात मला अजून पहिल्या पंगतीला बसवतात.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सोलापूरकरांना चादर देणार?"

"होय मॅडम."

"अरे, आमच्याकडं चादरी कशा येतात माहितेय का? लग्नात येतात, बारशाला येतात, वास्तुशांतीला येतात. मी निवृत्त झाले तेव्हा एवढ्या आल्या की कपाट बंद होईना."

"साधी नाही. मधोमध टार्गेट असलेली. विणलेलं. काळा गोळा, बाहेर कड्या, खाली क्लबचं नाव."

यावर त्यांनी बोटांवर हिशेब केला. "चादर पण आणि कप पण, असं दोन्ही जमायचं नाही आपल्याला."

"फक्त चादर. कप कुणालाच नको आहे, मी विचारलंय सगळ्यांना."

"बघ बाबा. तुझ्यावर सोडलंय म्हटलंय ना मी."

या वाक्याइतकं घाबरवणारं वाक्य मराठीत दुसरं नसेल.

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एक विणकर मामा मॅडमच्या ओळखीचे होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मागाचा खडखडाट चालू असल्यामुळे दोन्ही भाषा ओरडूनच. मी टार्गेटचा कागद दाखवला तर त्यांनी तो दोन बोटांत धरला. "एवढंच? अरे मी चादरीवर वाघ काढलाय. मिशी मोजून घे. हे तर नुसतं गोल हाय."

मामांच्या मुलानं कॉम्प्युटरवर नक्षी केली आणि काम सुरू झालं. मला राहवेना. रेंज उघडायच्या आधी एक चक्कर, बंद केल्यावर एक चक्कर. मामा म्हणाले, "तू रोज येतोस, माझा जावई पण एवढा येत नाय."

तिसऱ्या की चौथ्या चकरेला पहिल्या चादरीचं टार्गेट मागावर पूर्ण झालेलं दिसलं. ते गोल नव्हतं. उभ्यात लांबटलेलं होतं. सरळ अंडं.

"मामा, हे अंडं झालंय."

"अंडं नाय. गोलच हाय."

"अहो, लांब आहे की उभ्यात. बघा तरी."

"बघू काय? मीच विणलोय. मागावर हाय ते, ताणून धरलंय. खाली उतरलं की आखडतंय, धुतलं की अजून आखडतंय. मग गोल बसतंय. आपोआप."

आता बघा, मामा बरोबर सांगत होते. पण कसं सांगत होते? शांतपणे, ठामपणे, माझ्याकडे न बघता. अगदी तसं, जसं माझा जुना मालक म्हणायचा, बंदूक सरळ आहे, तुमचा हात हलतोय. अशा आवाजात बोलणाऱ्या माणसाकडे मी आठ वर्षं नोकरी केली होती. या वेळी आपण फसायचं नाही, असं मी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या गोष्टीवर अडून बसलो, आणि नेमकी ही गोष्ट निवडली.

मी एक दोरा घेतला, मधल्या ठिपक्यावर धरला आणि वरपर्यंत आणि बाजूपर्यंत मापून दाखवला. "हे बघा. वर जास्त भरतंय. नेमबाजीत केसाएवढ्या फरकानं नंबर जातो मामा. खजिनदार साहेब पट्टी लावून बघतील."

"तू नेमबाज हायस का?"

"नाही. मी झाडलोट करतो."

"मग?"

"पण मला गोल पाहिजे. मागावर गोल दिसलं पाहिजे."

मामांनी माग बंद केला. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत ते आत बघून तेलुगूत काहीतरी बोलले. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. मग मला म्हणाले, "बरं. तुझी चादर, तुझं गोल. म्हणशील तसं."

मुलानं कुरकुरत नक्षी बदलली. दुसऱ्या दिवशी गेलो तर मागावर काय सुरेख गोल दिसत होतं! मी फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, "परात दिसते." ते मी कौतुक म्हणून घेतलं.

चादरी स्पर्धेच्या दिवशी सकाळीच आल्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, पारदर्शक पिशवीत लाल रिबीन बांधलेल्या. वरून फक्त किनार आणि क्लबच्या नावाची अर्धी ओळ दिसत होती. एक उघडून बघावी असं मनात आलं. पण उघडली तर तशी घडी आपल्याला परत जमायची नाही, रिबिनीचं फूल तर नाहीच नाही, या भीतीनं मी हात मागं घेतला. दिवसभर अधूनमधून जाऊन त्या टेबलाशी उभा राहत होतो. आपण निवडलेली बक्षिसं, आणि आज ती खरोखर देणार आहेत. मला भरून येत होतं.

खजिनदारांनी त्याच दिवशी एका तरुणाला बोलावून ठेवलं होतं. बी.कॉम., हातात फाइल, पहिल्या रांगेत खुर्ची. "सगळं बघून घे, कसं चालतं ते," असं त्याला सांगताना मी ऐकलं. त्याला पाणी मीच दिलं.

मुलींमध्ये पहिली आली ती मंद्रूपची एक मुलगी. सुट्टीच्या दिवशी बसनं यायची, उसनी रायफल घेऊन मारायची. तिचे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच रेंजवर आले होते. मेंढरं राखणारा माणूस, खांद्यावर घोंगडं. मुलीनं शेवटचा छर्रा मारला तेव्हा त्यांना काही कळलं नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तशा त्यांनीही वाजवल्या आणि शेजारच्याला विचारलं, "आमची का?"

"तुमचीच की! पयली आली."

बक्षीस समारंभ सुरू झाला. मॅडमनी नाव पुकारलं, मुलगी पुढं आली. खजिनदारांनी पिशवी उघडली, रिबीन सोडली, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून चादरीची दोन टोकं धरून ती छान झटकून उघडली.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. तिथून मला ते स्पष्ट दिसलं. चादरीच्या मधोमध टार्गेट होतं, पण त्याच्यावर कुणीतरी बसून उठल्यासारखं. वरून खालून दबलेलं, दोन्ही बाजूंना पसरलेलं. उतरलं होतं, आखडलं होतं, धुतल्यावर अजून आखडलं होतं. आपोआप. मामांच्या शब्दाप्रमाणं, अगदी तंतोतंत.

पुढच्या रांगेतले लोक मान वाकडी करून बघायला लागले. मग मागून एक मुलगा म्हणाला, "भोपळा हाय का बे?" आणि शेड दणाणली.

नेमबाज लोक हसायला लागले की थांबत नाहीत, दिवसभर श्वास धरून बसलेले असतात. "टार्गेट ट्रकखाली आलंय." "आडवं चुकणाऱ्यांसाठी बेस्ट आहे, बाजूला गेलं तरी दहाच." एकाचे छर्रे कायम डावीकडे जातात. तो तर मनापासून म्हणाला, "मॅडम, मला सरावाला हेच द्या की!" खजिनदार चादरीच्या मागं अगदी नाक लावून उभे होते, एवढ्या जवळून त्यांना काही कळत नव्हतं. त्यांना वाटलं लोक आनंदानं हसतायत. ते चादर अजून उंच धरायला लागले.

मुलीचे वडील मात्र हसले नाहीत. ते पुढं आले, चादरीचं टोक अंगठ्या-बोटात धरून चोळून बघितलं. "सूत चांगलं हाय," म्हणाले. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग त्यांनी टेबलावर नजर फिरवली, टेबलाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "कप कुटं हाय?"

"कप नाही," खजिनदार म्हणाले. "या वर्षी चादर."

"चादर हाय की घरात. घोंगडं बी हाय. कप न्हाय व्हय?"

"अहो, कप काय कामाचा? चादर वापरात येते. पांघरता येते, अंथरता येते..."

"त्ये व्हय. पर मला हिला घिऊन गावातनं जायचं हाय साहेब. पारावर समदी बसल्याली असत्यात. पोरीला बंदूक कशाला शिकवतूस म्हणून माझी लई मापं काढल्यात त्येंनी. आता खांद्यावर चादर टाकून गेलो तर काय म्हणतील? बाजारातनं आणली म्हणतील की."

मुलगी मान खाली घालून चादरीची घडी घालत होती. ती घडी काही नीट होत नव्हती.

खजिनदार त्यांना उपयुक्ततेबद्दल आणखी समजावायला लागले. मी ते पूर्ण ऐकलं नाही. मी बाहेर पडलो, मॅडमची स्कूटर काढली आणि नवी पेठेच्या दिशेनं सुटलो. विचार वगैरे काही केला नव्हता. विचार करून मी काय करतो ते नुकतंच सगळ्यांनी बघितलं होतं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो तर चाचा जेवत होते.

"चाचा, कप. मोठा. आत्ता."

"बंदूकवाला तो नईं ना मियाँ."

"बॅटवाला काढून द्या फक्त. वर काही नसलं तरी चालेल."

त्यांनी हात धुतले, शोकेसमधला सगळ्यात मोठा कप काढला, फलंदाज काढला, भोकावर एक सोनेरी चांदणी बसवली आणि खाली 'प्रथम क्रमांक' चिकटवलं. खिशात होतं ते सगळं मी त्यांच्या हातात ठेवलं. ते म्हणाले, "संभालके जाव, गिरा तो वाकडा होतंय." तो कप पायांच्या मधे धरून मी स्कूटर चालवली. गर्दीतून लोक वाट देत होते. मलाच काहीतरी मिळालंय असं त्यांना वाटलं असणार.

शेडमध्ये पोचलो तेव्हा वडील आणि मुलगी फाटकाशी निघण्याच्या तयारीत उभे होते. मॅडमनी दोघांना परत आत नेलं, परत नाव पुकारलं, परत टाळ्या. वडिलांनी कप दोन्ही हातांनी घेतला, वजन बघितलं आणि मुलीकडे देऊन म्हणाले, "धर. गावात शिरताना पदर-बिदर झाकू नगंस त्येच्यावर." ती हसली, तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

तो श्वास सोडायच्या आत मुलांमध्ये पहिल्या आलेल्याची आई उभी राहिली. "आमच्या मुलाचा कप?"

आणि मोठ्या गटात पहिले आलेले ते डॉक्टर, ज्यांना कपात चहा पिता येत नव्हता, ते माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझा पण आणलाय ना हो?"

मी एकच आणला होता. एकाच वेळी एकाहून जास्त माणसांचा विचार करायची मला सवय नाही. "उद्या," मी म्हणालो. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. माझा निकाल तिथंच लागला असं मला वाटलं.

सगळे गेल्यावर ते त्या बी.कॉम. तरुणाला मागची खोली दाखवायला घेऊन गेले. मी माझी पेटी कशी भरायची याचा विचार करत छर्रे झाडत होतो. एप्रिलची दुपार, खोलीवर पत्रा, आणि वारा फक्त दाराच्या फटीतून येतो तेवढा. तो मुलगा थोड्याच वेळात रुमालानं मान पुसत बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटला होता. "कळवतो सर," म्हणाला. अजून त्यानं कळवलेलं नाही.

कमिटी बसली. मी चहा दिला, पण या वेळी किटली आधीच टेबलावर ठेवली.

"बक्षिसांचं तर आपण सगळ्यांनी बघितलं," खजिनदार म्हणाले.

मॅडम चहावर फुंकर घालत राहिल्या. बोलण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

"विणकराला फोन लावला होता मी, सगळं सांगितलं त्यानं. माझे वडील मिलमध्ये होते," खजिनदार पुढं म्हणाले. "मागावरचं गोल बघून कुणी नक्षी बदलायला लावली, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं." आणि मग ते हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग टेबलाला धरून. डोळ्यांतलं पाणी पुसून म्हणाले, "राहू दे. दुसरा मिळेपर्यंत राहू दे याला."

"खोलीचं?" मॅडमनी विचारलं.

"खोली घेतंय कोण?"

"आणि पुढच्या वर्षी बक्षिसं?"

"बक्षिसं मी बघतो," खजिनदार इतक्या घाईनं म्हणाले की मला बरं वाटलं.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मंग पास झाले का तुमी?"

"नापासच. पण वर्गात बसू दिलंय."

"तेवढं पुरे," ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच मुलीला हाक मारून सांगायला लागली.

दोघी जूनच्या आधी आल्या. मुलगी शाळेत जाते, दोन महिन्यांत सोलापुरी 'काय करायलास' म्हणायला शिकली. आधीच मला चिडवते, की बाबा तुम्ही अजून 'करून राहिलो' म्हणता. बायको दर सणाला मॅडमची ओटी भरायला जाते, मॅडम दर वेळी तिला एक चादर देतात. कपाट अजून बंद होत नाही म्हणे.

'दुसरा मिळेपर्यंत' हे शब्द मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. खजिनदार अधूनमधून कुणालातरी पाठवतात. फाटकातून कुणी फाइल घेऊन आत आला की मी ओळखतो. मी त्याला नमस्कार करतो, पाणी देतो, आणि मॅडम येईपर्यंत बसा म्हणून मागच्या खोलीत नेऊन बसवतो. शक्यतो दुपारी, पत्रा तापलेला असताना. परवाच एक जण आला होता, चांगला मुलगा होता बिचारा. बायको आतून म्हणाली, "अवो, पाहुण्याले पंखा तरी लावून द्या."

"लाईट गेलीये," मी म्हणालो.